नागरिकानें केव्हां विचारावें?

वरळीच्या कोळीवाड्यांतील क्लीव्हलंड बंदरांतून मासेमारीच्या होड्या समुद्रांत जातात. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आज एक पूल उभा आहे. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणारा तो पूल. त्याच्या मूळ आराखड्यांत दोन खांबांमधील अंतर सुमारें ६० मीटर धरलेलें होतें. कोळी बांधवांचें म्हणणें असें कीं, जमिनीवरची मोटार आंखलेल्या रेषेंत चालते. होडीला मात्र वारा व प्रवाह नेतील तिकडे लोटलें जावें लागतें, म्हणून इतक्या अरुंद वाटेंतून ती सुखरूप निघेलच याचा भरंवसा नाहीं. हें साधें म्हणणें त्यांना सरकारी कचेऱ्यांत मांडावें लागलें, न्यायालयांत मांडावें लागलें आणि अखेर समुद्रांत होड्या घालून काम रोखावें लागलें. डिसेंबर २०२२ मध्यें निर्णय झाला. आठव्या क्रमांकाचा खांब वगळावा आणि सातव्या व नवव्या खांबांमध्यें १२० मीटरांची वाट मोकळी ठेवावी, असें ठरलें.

खांबांमध्यें अंतर किती असावें हा स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचा अखेरचा निवाडा तज्ज्ञांनींच करावा. परंतु त्या वाटेनें रोज कोण जातो, कोणत्या ऋतूंत तेथील पाणी कसें वागतें, ओहोटीला खडक कोठें उघडे पडतात, हें ज्ञान कचेरींतील नकाशावर नसतें. तें बंदरावर असतें. रस्त्याच्या कामास २०१८ सालीं आरंभ झाला. १६ जुलै २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, वरळीच्या मच्छीमारांसह अनेकांच्या अर्जांचा निकाल देतांना, या रस्त्यास किनारा-नियमनाखालीं मिळालेली परवानगी रद्द केली. त्याच वर्षीं १७ डिसेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिती देऊन काम पुढें चालूं दिलें. खांबांच्या अंतराचा प्रश्न त्यानंतर आणखी तीन वर्षें लोंबकळत राहिला. जें आरंभीं विचारलें असतें तर कदाचित् बंदरावरच्या चार बैठकांत उरकलें असतें, त्याला चार वर्षें लागलीं.

लोकशाहीच्या कारभारांत नागरिकानें प्रश्न विचारावा, हें आतां कोणीही नाकारीत नाहीं. वाद उरतो तो केव्हां विचारावा याचा. काम झाल्यावर विचारलें तर ती तक्रार होते. काम चालूं असतां विचारलें तर ती अडवणूक ठरते. आणि काम ठरण्यापूर्वीं विचारलें तरच तो खरा सहभाग होतो. पण काम ठरण्यापूर्वीं विचारावयाचें तर तें ठरत आहे ही गोष्ट तरी नागरिकाला ठाऊक हवी. खुला कारभार आणि लोकांचा सहभाग या दोन निराळ्या मागण्या नसून एकाच मागणीचे दोन भाग आहेत, तें यामुळेंच.

मुंबईच्या नगरशासनाचा जन्मच या प्रश्नांतून झाला आहे. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या हातीं आणि प्रत्यक्ष अंमल एका म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं सोंपविला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ होते. रस्ते, गटारें, बाजार यांचीं कामें त्यांनीं झपाट्यानें केलीं. त्यांच्या नांवाचा बाजार १८६९ सालीं पुरा झाला. परंतु खर्च उत्पन्नाला मागें टाकून धांवूं लागला, आणि करदात्यांना त्याचा पत्ता लागला तो कर्जाचा व करांचा भार अंगावर आल्यावर. १८७१ सालीं करदात्यांनीं मोठी चळवळ उभारली व क्रॉफर्ड यांना जावें लागलें.

त्या गदारोळांत फेरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरानें एक वेगळा विचार मांडला. नोव्हेंबर १८७१ मध्यें वाचलेल्या निबंधांत त्यांचें प्रतिपादन असें होतें कीं, कारभार एका समर्थ अधिकाऱ्याच्या हातीं असणें हा दोष नव्हे; त्या अधिकाऱ्यावर नजर ठेवणारी, करदात्यांनीं निवडलेली जागरूक सभा नसणें हा खरा दोष आहे. श्रोत्यांना तें फारसें रुचलें नाहीं, कारण त्या वेळीं सर्वांचा राग एका माणसावर होता. परंतु पुढें शहराची घटना बव्हंशीं त्याच मार्गानें गेली. १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली व त्यांतील निम्मे, म्हणजे ३२ सभासद, करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें. जमाखर्चावर देखरेख करण्यासाठीं निराळी टाउन कौन्सिल नेमली गेली. १८८८ च्या कायद्यांत तिचीच स्थायी समिती झाली. मेहता आणि न्यायमूर्ति तेलंग यांच्या परिश्रमांची छाप असलेला तो १८८८ चा कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही मुंबई महानगरपालिकेचा पाया आहे.

मात्र त्या वेळचा ‘नागरिक’ म्हणजे कर भरणारा मालक. चाळींतील भाडेकरू, गिरणींतील कामगार आणि बंदरावरचा कोळी यांना त्या सभेच्या दारांत उभें राहण्याचाही अधिकार नव्हता. १९२२ च्या दुरुस्तीनें ठराविक भाडें भरणाऱ्यांना मत मिळालें आणि १९४८ मध्यें प्रौढ मताधिकार आला. करदात्याची सभा नागरिकांची सभा होण्यास अशीं पाऊणशें वर्षें लागलीं.

शाळेच्या बाबतींत हा प्रवास अधिक बोलका आहे, आणि त्यांत वरळीला विशेष स्थान आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा झाला तो जिल्हा म्युनिसिपालिट्यांपुरता होता. मुंबई शहरासाठीं १९२० सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याखालीं १९२५ मध्यें सक्तीचें प्राथमिक शिक्षण प्रथम सुरू झालें तें एफ् व जी या दोन वॉर्डांत. वरळी जी वॉर्डांत मोडत असे. पुढें त्या वॉर्डाचे उत्तर व दक्षिण असे भाग झाले व वरळी जी दक्षिण विभागांत आली. १९२० नंतरच्या त्याच दशकांत सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळीला १२१ चाळी बांधल्या. लोकांच्या तोंडीं बी. डी. डी. चाळी हें नांव रुळलें तें या खात्यामुळें. एका खोलींत एक कुटुंब, जागा १६० चौरस फूट, आणि मुलांना घराबाहेर अभ्यासाचें ठिकाण म्हणजे म्युनिसिपालिटीची शाळा, अशी त्या वस्तीची घडण होती.

त्या काळचें सक्तीचें शिक्षण हें शासनानें पालकाला विचारलेल्या प्रश्नावर उभें होतें: मूल शाळेंत कां पाठविलें नाहीं? तो प्रश्न योग्यच होता. परंतु त्याच पालकानें उलट विचारावें, कीं वर्गाला शिक्षक कां नाहीं, नळाला पाणी कां नाहीं, शाळेसाठीं आलेला पैसा कोठें गेला, अशी सोय त्यांत नव्हती. ही बाजू कायद्यानें मान्य होण्यास आणखी ८५ वर्षें जावीं लागलीं.

१ एप्रिल २०१० रोजीं अंमलांत आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत एकविसावें कलम आहे. त्या कलमानें प्रत्येक सरकारी, म्युनिसिपल व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती नेमणें बंधनकारक केलें. अल्पसंख्याकांच्या संस्थांत व अनुदानित शाळांत ती केवळ सल्लागार असते. समितीचे तीनचतुर्थांश सभासद विद्यार्थ्यांचे पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, समिती बारा जणांची असेल तर तींत नऊ पालक व निदान सहा स्त्रिया असतील. उरलेल्या जागा लोकनियुक्त प्रतिनिधि, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेले स्थानिक नागरिक यांच्यासाठीं आहेत. अध्यक्ष पालकांपैकीं असतो व मुख्याध्यापक सचिव असतो. समितीचीं मुख्य कामें तीन: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणें, शाळेचा विकास आराखडा तयार करणें, आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणें.

या तिन्हींत मधलें काम सर्वांत महत्त्वाचें, आणि प्रत्यक्षांत सर्वांत दुर्लक्षित होण्याचा धोकाही त्यालाच अधिक. आराखडा म्हणजे पुढील वर्षांत शाळेला किती वर्ग, किती शिक्षक, कोणतीं साधनें आणि किती पैसा लागेल याचा लेखी हिशेब. तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीं पुरेसा आधीं तयार व्हावा लागतो, कारण महानगरपालिकेचें अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आरंभीं मांडलें जातें. त्यानंतर पाठविलेली मागणी ही मागणी नसून विनंति असते. जानेवारीपूर्वीं समितीची बैठक झाली नाहीं, किंवा झाली ती केवळ मुख्याध्यापकांनीं तयार केलेल्या कागदावर सह्या घेण्यापुरती झाली, तर पालक पुन्हां १९२५ च्याच जागीं येतात: त्यांना विचारलें जातें, त्यांना विचारतां येत नाहीं.

बैठक कोणत्या वेळीं होते, ही गोष्टही क्षुल्लक नाहीं. पहांटे माशांच्या बाजाराला जाणारी, किंवा दुसऱ्याच्या घरीं सकाळीं कामाला जाणारी आई अकरा वाजतां शाळेंत येऊं शकत नाहीं. तिची गैरहजेरी ही तिची उदासीनता समजली जाते. वस्तुतः ती वेळापत्रकाची चूक असते. बैठकीची तारीख व विषय आठ दिवस आधीं शाळेच्या दारावर मराठींत, हिंदींत, उर्दूंत, जेथें जी भाषा घरोघर बोलली जाते त्या भाषेंत लागले, आणि बैठक संध्याकाळीं ठेवली, तर एवढ्यानेंच समितीचें स्वरूप पालटेल.

सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलें बहुधा खासगी शाळांत जातात. तेव्हां हा विषय आपला नव्हे, असें तेथें वाटण्याचा संभव आहे. परंतु खासगी शाळेलाही तोच नियम लागू आहे. शुल्क-नियमनाच्या २०११ च्या महाराष्ट्र कायद्यानें प्रत्येक शाळेंत पालक-शिक्षक संघ व त्याची कार्यकारी समिती असावी असें ठरविलें. त्या समितींतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, म्हणजे संस्थाचालकांच्या मर्जींतलेच पालक यावेत असें होऊं नये. शुल्कवाढीचा प्रस्ताव पुढील शैक्षणिक वर्षाच्या निदान सहा महिने आधीं त्या समितीपुढें ठेवावा लागतो. येथेंही कायद्याचा रोख तोच आहे: पावती हातीं पडल्यावर रागावण्यापेक्षां प्रस्ताव पुढें येतो तेव्हां हिशेब मागावा. शिवाय म्युनिसिपल शाळा चालतात त्या सर्वांच्या करांवर. २०२५-२६ सालच्या महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा आकडा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता व त्यांत शिक्षणासाठीं ३ हजार ९५५ कोटींची तरतूद होती. स्वतःचें मूल त्या शाळेंत नाहीं म्हणून एवढ्या रकमेचा विनियोग पाहण्याची जबाबदारी संपत नाहीं.

हें अंदाजपत्रक ज्या परिस्थितींत मंजूर झालें ती मुंबईच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ७ मार्च २०२२ रोजीं नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढील निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजीं. मधलीं जवळजवळ चार वर्षें सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, शिक्षण समिती नव्हती. या सर्वांचे अधिकार सरकारनियुक्त प्रशासकाकडे होते, आणि प्रशासक होते खुद्द महानगरपालिकेचे आयुक्तच. जो अंदाजपत्रक तयार करतो त्यानेंच तें मंजूर करावें, अशी स्थिति झाली. नागरिकांकडून सूचना मागविल्या गेल्या हें खरें. पण सूचना कां नाकारली याचें उत्तर खुल्या सभेंत मागणारा कोणी नव्हता. अधिकारी चांगले होते कीं वाईट, हा येथें प्रश्नच नाहीं. १८७१ सालीं मेहतांनीं जी उणीव दाखविली होती, ती दीडशें वर्षांनीं तशीच्या तशी पुन्हां दिसली.

अशा काळांत नागरिकाच्या हातीं जीं साधनें उरतात त्यांत माहितीच्या अधिकाराचें स्थान पहिलें. महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र कायदा केला होता. अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर २००३ सालीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली. पुढें १२ ऑक्टोबर २००५ पासून अखिल भारतीय कायदा पूर्णपणें अंमलांत आला. दहा रुपयांचें शुल्क, एक अर्ज, आणि ३० दिवसांत उत्तर. उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरें मिळाल्यास ३० दिवसांच्या आंत त्याच कार्यालयांतील वरिष्ठाकडे पहिलें अपील करतां येतें व त्यानंतर ९० दिवसांच्या आंत राज्य माहिती आयोगाकडे जातां येतें. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयानें तर जिल्हा कचेऱ्यांत व स्थानिक संस्थांत दर सोमवारीं दुपारीं ३ ते ५ या वेळांत नागरिकांना कागदपत्रें पाहूं द्यावींत असें ठरविलें.

तथापि या कायद्याचें चौथें कलम अर्जापेक्षांही मोलाचें आहे. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानें आपलीं कामें, निर्णय घेण्याची रीत, अंदाजपत्रक व खर्च हें सर्व कोणी न मागतां आपण होऊन प्रसिद्ध करावें, असें तें सांगतें. अर्ज करून मिळणारी माहिती महिन्यानें मिळते. तोंवर पुष्कळदां निविदा निघालेली असते व खड्डा खणला गेलेला असतो. आपण होऊन प्रसिद्ध केलेली माहितीच वेळेवर पोहोंचते. खुल्या कारभाराची कसोटी म्हणूनच किती अर्जांना उत्तरें दिलीं यांत नाहीं. किती अर्ज करण्याची गरजच पडली नाहीं, यांत आहे.

आधीं विचारण्याची ही रीत अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. लाखों लोकांना विचारीत बसलें तर रस्ते कधीं व्हावयाचे? या आक्षेपांत तथ्य आहे. सर्व प्रश्न सर्वांना विचारतां येत नाहींत, आणि मोठ्या आवाजाच्या चार माणसांचें मत हें वस्तीचें मत समजण्याचा धोकाही असतो. शाळेंत तर आणखी जपावें लागतें: समितीच्या नांवाखालीं शिक्षकांना जाचणें, किंवा एखाद्या मुलाची खासगी माहिती चव्हाट्यावर आणणें, हें खुल्या कारभारांत बसत नाहीं. पैसा, नेमणुका, दुरुस्त्या व निर्णय हे उघडे असावेत. मुलांचीं घरगुती दुःखें झांकलेलींच असावींत.

परंतु मर्यादित क्षेत्रांत ही रीत चालूं शकते याचीं उदाहरणें आहेत. ब्राझिल देशांतील पोर्तो आलेग्रे शहरानें १९८९ पासून अंदाजपत्रकाचा कांहीं भाग वस्त्यांच्या सभांतून ठरविण्यास आरंभ केला आणि पुढें अनेक देशांनीं त्याचें अनुकरण केलें. महाराष्ट्रांत पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांकडून आपापल्या भागांतील लहान कामें सुचवून घेऊन अंदाजपत्रकांत त्यांस जागा देण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबा अशा कामांचें ज्ञान तेथें राहणाऱ्यालाच अधिक असतें. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या, आणि मुंबईच्या कायद्यानें त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींस घेण्याचीही सोय केली. साधनें नाहींत अशी स्थिति नाहीं. तीं वापरांत नाहींत, ही खरी अडचण आहे.

तीं वापरांत आणण्याचा आरंभ शाळेपासून होणें स्वाभाविक आहे. सागरी रस्त्याचे नकाशे सामान्य माणसाला समजण्यास कठीण. शाळेचा नळ, छप्पर, पटावरील मुलें आणि वर्गांतील शिक्षक मात्र कोणालाही मोजतां येतात. जो पालक शाळेच्या अनुदानाचा हिशेब एकदां समजून घेतो, त्याला वॉर्डाच्या खर्चाचा कागद पुढें परका वाटत नाहीं. आणि जी आई समितींत प्रथम उठून एक प्रश्न विचारते, तिला नगरसेवकापुढें उभें राहण्याचें भय राहत नाहीं. जी दक्षिण विभागाची कचेरी ना. म. जोशी मार्गावर धनमिल नाक्यापाशीं आहे. वरळीच्या कोणत्याही शाळेपासून ती फार दूर नाहीं. समितीचा आराखडा डिसेंबरपूर्वीं लेखी तयार करावा, त्याची एक प्रत शाळेच्या दारावर लावावी, एक शिक्षण विभागाकडे पाठवावी, एक आपल्या नगरसेवकाच्या हातीं द्यावी आणि पोंच घ्यावी. फेब्रुवारींत अंदाजपत्रक प्रसिद्ध होईल तेव्हां दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहावे. जें मागितलें व मिळालें नाहीं, त्याचें कारण त्याच महिन्यांत विचारावें. कारण मार्च उलटल्यावर तोच प्रश्न पुन्हां तक्रार होऊन बसतो.